मधली खिडकी

"मावशी, मान वळवा. अजून थोडी. हां, आता मागं काय दिसतंय?"

पिकअपच्या पुढच्या सीटवर बसलेल्या नवसाबाईनं मान वळवली. केबिनच्या मागच्या काचेवर वाल्मीक मिस्तरीनं खडूनं एक चौकोन काढला होता. त्या चौकोनातून तिला मागचा लोखंडी सांगाडा दिसला, अजून पत्रा न चढलेला, आणि त्यात प्लायच्या फळीवर उताणा पडलेला तिचा नवरा.

"ह्यांचं तोंड दिसतंय," ती म्हणाली.

"पाय?"

"पाय नाय दिसत. पायांचं काय बघायचं? तोंड दिसलं म्हंजे झालं."

"हात?"

"डावा दिसतोय. उजवा तर हलतच नाय."

वाल्मीकनं जुना चौकोन पुसून नवा जरा खाली काढला. "आता खिडकी तुमच्या मापाची झाली बघा," तो म्हणाला. नवसाबाईला हसू आलं. तिच्या मापाचं काही बनवायचं म्हणून कोणी तिला बसवून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. ब्लाउजसुद्धा जुन्या ब्लाउजावरूनच शिवून यायचे.

आडगाव नाक्याच्या पुढे महामार्गाला लागून गाड्यांच्या बॉड्या बांधणारे गाळे आहेत. त्यांतल्या एका गाळ्यात हे मोजमाप चाललं होतं. नवसाबाईचा मुलगा राज याच्या डोक्यात फिरतं घर शिरलं होतं. परदेशातल्या लोकांची असली घरं त्यानं मोबाइलवर पाहिली होती. मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि पुढे गाडी चालवणारा हसरा माणूस. त्या लोकांना हौस असते, राजला गरज होती. घरची फुलशेती, जत्रेजत्रेत हारांचं दुकान आणि घरात अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेला बाप, गोटीराम. जत्रेच्या दिवसांत गोटीरामला शेजारची कुसाबाई सांभाळायची. पण तो चांगल्या हातानं तिला ताट फेकून मारायचा. शेवटी तिनं सांगून टाकलं, तुमचं रत्न तुम्हीच सांभाळा. तेव्हा या रत्नाला बरोबर घेऊन फिरण्याशिवाय इलाज राहिला नाही.

आपल्या मातोरी गावाहून शहरातल्या गणेशवाडीच्या फुलबाजारात माल न्यायला गोटीरामनं पहिला टेम्पो घेतला, तेव्हा राज पाळण्यात होता. त्या दिवसापासून नवसाबाईची जागा मागे, झेंडूच्या क्रेटमध्ये. ताडपत्री उडू नये म्हणून मागे एक माणूस लागतंच, आणि बसल्या बसल्या हारही ओवून होतात. गाडी बाजारात पोचेपर्यंत तिची पाटी हारांनी भरलेली असायची. पुढच्या सीटवर कोणीही बसायचं. हमाल बसायचा, सोसायटीचा चेअरमन बसायचा, रस्त्यात हात केलेला परका माणूस बसायचा. एकदा गोटीरामनं बोकड विकत आणलं, तेही पुढेच बसलं, कारण मागे ठेवलं तर फुलं खाईल. नवसाबाई फुलं खात नव्हती, म्हणून मागे.

गाडीत उलटं तोंड करून बसणाऱ्याला येणारा रस्ता दिसत नाही, गेलेला दिसतो. देऊळ मागे पडलं की कळतं, देऊळ होतं. ओळखीचं माणूस लांब गेलं की कळतं, हाक मारायला हवी होती. नवसाबाईला एकदा पुढे बसायचं होतं. एवढीच हौस, आणि तीही कोणाला सांगायची सोय नाही, कारण नातवंडं खेळवायच्या वयात बाईला पुढच्या सीटची हौस म्हटल्यावर लोक हसणारच. गोटीराम आडवा झाल्यावर, घरात कोणी नसताना, ती अंगणात उभ्या गाडीत पुढे चढून बसायची. समोर कुसाबाईच्या गोठ्याची भिंत दिसायची. भिंत बघूनही तिला बरं वाटायचं. हे लिहिताना मला राग येतो, पण तिला बरं वाटायचं हे खरं.

म्हणून ही मधली खिडकी. केबिनमध्ये ड्रायव्हर धरून तिघं बसतात: राज, त्याची बायको छाया आणि ती. नवरा मागे पलंगावर. मान वळवली की तोंड दिसेल, आवाज केला तर ऐकू येईल. खिडकी नसली तर त्याच्यापाशी कोणाला तरी बसावं लागणार, आणि त्या घरात असलं 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे कधी विचारायला लागत नव्हतं.

राज आणि छाया सनमायका आणि नळ घेऊन परत आले. राजनं काचेवरचा खडू पाहिला.

"मिस्तरी, हे काय काढलंय?"

"खिडकी. मावशी बोलल्या, मधी पाहिजे."

"मी तर नाही सांगितलं."

"करायची तर आत्ताच बोला, शेठ. दुपारी पत्रा चढवतोय. केबिनची काच काढून सरकती बसवायची, आन तिच्यासमोर बॉडीला तेवढंच भोक. केबिन वेगळी हलते, बॉडी वेगळी हलते, म्हणून मधी रबर लावावं लागेल. होऊन जाईल सगळं. फक्त एकदा पत्रा ठोकला की परत मला नका सांगू."

"मधे कशाला पण?" छाया म्हणाली. ती माहेरची नांदगावची, मनात काही न ठेवता बोलून टाकणारी. "सगळा वास पुढे येईल. नाश्ता करायचा म्हटलं तरी नको होईल."

वास येणार हे खरंच होतं. नवसाबाई सीटवरून उतरली नाही. दाराची काच खाली करून ती तिथूनच बोलली, "वासाचं काय, काच सरकवून घ्यायची. पर ह्यांना ठसका लागला तर? मागल्या महिन्यात घास अडकून कसे निळे पडले होते, आठवतं ना? बघाया नको का कोणी?"

इथेच तिचं चुकलं. स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नव्हती. नवी साडी हवी असली तरी ती 'लग्नाला जायचं, तुमचीच लाज जाती' असं म्हणून मागायची. तशीच तिनं खिडकीही नवऱ्याच्या नावानं मागितली, आणि राज विचारात पडलेला दिसल्यावर तिला जोर आला. ती एकेक कारण काढू लागली.

"कूस बदलावी लागती, नायतर पाठ सोलती. तोंडावर माशी बसली तर हाकलता येत नाय त्यांना. घाटात गाडी वळली आन फळीवरून खाली आले तर? आपल्याला पुढं पत्ताच नाय लागायचा."

"आई, तू म्हणतेस ते खरंय," राज म्हणाला. तो खरोखर काळजीत पडला होता. "मी एवढा विचारच नव्हता केला. पण एवढं सगळं होणार असेल, तर खिडकीतून बघून काय उपयोग? घास अडकला तर तू खिडकीतून हात घालणार का?"

"गाडी थांबवायची."

"घाटात? मागे ट्रक लागलेला असताना?"

"त्यापेक्षा आई मागेच बसल्या तर?" छाया म्हणाली. "मग खिडकीची भानगडच नको. वासही नाही, पाणी गळायचं नाही, आणि नानांजवळ माणूस राहील. मी तिथे जाड गादी टाकून देते."

"हे बेस्ट," राज म्हणाला. "आई, हे बघ, तुलाही पाय पसरायला जागा."

"आन माझं काम वाचलं," वाल्मीक म्हणाला.

नवसाबाईनं मान वळवून त्या चौकोनाकडे पाहिलं. "मागं कोंदटतं," ती म्हणाली. "मळमळंल मला."

"मळमळतं मला, आई. नांदगावला जाईपर्यंत किती वेळा गाडी थांबवावी लागते, विचारा यांना. तुम्हाला कुठलं मळमळायला? तुम्ही तर सगळी जिंदगी मागे बसून काढली." छायानं हे कौतुकानं म्हटलं होतं.

"आपण नानांनाच विचारू ना," राज म्हणाला आणि सांगाड्यातून आत वाकला. "नाना! मधे खिडकी करू, का आईला बसवू तुमच्याजवळ?"

गोटीरामची वाचा गेली होती, समज गेली नव्हती. त्यानं मान तिरकी करून चौकोनातून पुढे पाहिलं. सीटवर बायको बसली होती. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं डावा हात उचलला, तिच्याकडे बोट केलं आणि तेच बोट आपल्या शेजारी, खाली फळीवर टेकवलं.

राज आईकडे वळून म्हणाला, "बघ, आई. त्यांना तूच लागतेस."

छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. एका नवसाबाईलाच ते बोट ओळखीचं होतं. क्रेट कुठे उतरवायचं हे हमालाला दाखवायचं ते बोट होतं. गणेशवाडीत रोज पहाटे ती ते बघत आली होती. अंगात बळ होतं तेव्हाही त्या बोटात कधी माया नव्हती, आता कुठून येणार?

तिला वाटलं, आत्ता नाही बोलले तर मग कधीच नाही.

"राज, मला पुढं बसायचंय."

"काय?"

"पुढं. मी कधी बसले नाय. रस्ता येताना बघायचाय मला, समोरून."

आधी वाल्मीकला हसू फुटलं, आणि त्याचं बघून राजलाही. "अगं आई, रस्त्यात काय बघायचंय? डांबर असतं. मी रोज बघतो, वैताग येतो नुसता." छाया दाराशी आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून "आई पण ना!" म्हणाली. लहान पोरानं चंद्र मागावा तसं सगळ्यांना वाटलं. कोणी तिला टाकून बोललं नाही, कोणी तिचा अपमान केला नाही. केला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

"आणि नानांना घास अडकला म्हणजे?" राजनं हसू आवरून विचारलं. "कूस कोण बदलणार? तूच तर सांगितलंस आत्ता."

सगळी कारणं तिनंच दिली होती, एकाहून एक पक्की.

"पुढे बसा ना एखाद्या दिवशी," छाया समजुतीनं म्हणाली. "नाना बरे झाले की." नाना बरे होणार नाहीत हे डॉक्टरांनी दोघींना एकाच वेळी, एकाच खोलीत सांगितलं होतं. "आणि मी माझा जुना फोन देते तुम्हाला. काही लागलं की लावायचा. खिडकीपेक्षा बरं."

वाल्मीकनं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि काच पुसली. खडू नीट निघेना, तेव्हा त्यानं फडक्यावर थुंकून पुसली. "मावशी, उतरा आता. गाडी पुढं घ्यायचीय."

नवसाबाई दाराची कडी धरून उतरली. मागे जाऊन तिनं पदराच्या टोकानं नवऱ्याच्या तोंडावरची लाळ टिपली. त्यानं मान फिरवली नाही. दुपारी पत्रा चढला आणि वाल्मीकचं मशीन रिव्हेटा मारत सुटलं. तोवर राज आणि छाया सनमायक्याचा रंग पडद्याला जुळतो का यावर वाद घालत होते. वाद छायानं जिंकला.

नवरात्रात त्यांनी वणीच्या देवीची जत्रा धरली. देवीच्या गडावर खासगी गाड्या सोडत नाहीत, म्हणून नांदुरीला पायथ्याशीच हारांचं दुकान लावायचं ठरलं होतं. फिरतं घर खरोखर छान झालं होतं. आत पंखा होता, शेगडी होती, भिंतींना पानाफुलांचा सनमायका होता. उजेडाला वर छताजवळ जाळी ठेवली होती, तिच्यातून आभाळाची एक पट्टी यायची. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून गेल्या आणि नवसाबाईला म्हणाल्या, राणी आहेस बाई तू, राणी. मागचं दार बाहेरून लावायचं होतं. ते राजनं लावलं.

वाटेतली दिंडोरी गेली असावी असं तिला गतिरोधकांवरून वाटलं. गोटीरामला दोनदा पाणी पाजलं, एकदा कूस बदलली. घास काही अडकला नाही. तो जागाच होता आणि तिच्याकडेच बघत होता, काम चालू आहे ना हे बघावं तसा. ती गादीवर बसून हार ओवत होती, मांडीशी झेंडूचं क्रेट घेऊन. वळणावर फुलं एका बाजूला गोळा व्हायची, मग ती हातानं परत सारखी करायची.

मग फोन वाजला. तिनं तो उचलून कानाला लावला.

"आई!" राज ओरडून बोलत होता, शेजारी छायाही काहीतरी आनंदानं बोलत होती. "वणी गेली मागे. समोर बघ समोर, गड दिसतोय! ऊन पडलंय वरती. एवढा स्वच्छ मी कधी बघितला नव्हता. छाया म्हणाली, आधी आईला सांगा. दिसतोय ना?"

आई मागे पत्र्याच्या आत आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की तिला ती आठवण करून द्यावीशी वाटेना.

"दिसला," नवसाबाई म्हणाली.

फोन बंद करून तिनं सुई क्रेटच्या कडेला खोचली, डोक्यावरून पदर घेतला आणि पुढच्या भिंतीच्या सनमायक्याकडे तोंड करून हात जोडले. तेवढ्यात गाडी वळली, आणि पाठोपाठ पुन्हा वळली. गड आता कोणत्या अंगाला गेला ते तिला कळेना. ती तशीच हात जोडून बसून राहिली.