द्रौपदाबाईंच्या सोनेरी बटा

असोद्याच्या द्रौपदाबाईंचे केस कधीच काळेभोर नव्हते. गडद तपकिरी होते. शेतात उभ्या राहिल्या की मधासारखे चमकायचे. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने ते काळे व्हावेत म्हणून माक्याचं तेल उकळून दिलं, वर्षभर चोळून घेतलं. केसांनी काही ऐकलं नाही. मग सासूने नाद सोडला आणि द्रौपदाबाईंनी कंबरेपर्यंतची वेणी घट्ट घालून अंबाडा बांधायची सवय लावून घेतली. आपल्या केसांचं कुणी कौतुक करील असं त्यांना कधी वाटलंच नाही.

ते कौतुक केलं त्यांच्या मुलीने, चारुशीलेने. बारावीनंतर पुढे शिकायचं नाही म्हणून ती जळगावात सुनंदाताईंच्या पार्लरमध्ये काम शिकायला लागली होती. रोज सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी परत. तिचे वडील गिरधर केळीच्या बागेत गुंतलेले, बोलायला कमी. पोरीला घरी बसवून काय करायचं, एवढंच म्हणून त्यांनी परवानगी दिली होती. आणि पोरीचा हात खरंच चांगला निघाला. दोन वर्षांत अशी वेळ आली की नवरीचा मेकअप असला की बायका चारूलाच मागायच्या.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत धुळ्याला केशरचनेची स्पर्धा ठरली. जिंकणाऱ्या मुलीला सहा महिने पुण्याला फुकट शिकायला पाठवणार होते. टीव्हीवरच्या बायकांच्या केसांत तेव्हा नुकतेच रंगीत पट्टे दिसायला लागले होते. चारूने तेच करून दाखवायचं ठरवलं. रंग आधी करून न्यायचा, तिथे परीक्षकांसमोर केस सेट करून दाखवायचे, असा नियम होता. अडचण एकच होती. बसायला कोण तयार होणार? जळगावच्या मुली नाव काढताच पळायच्या. शिवाय सगळ्यांचे केस मेंदी लावलेले नाहीतर कुळकुळीत काळे. त्यांवर रंग चढवायचा तर तो तांबूस होऊन बसतो, असं सुनंदाताईंनी सांगितलेलं.

एका संध्याकाळी आई केस विंचरत बसली होती. चारू दारातच थांबली. मग जवळ येऊन तिने एक बट बोटावर गुंडाळली आणि दिव्याकडे धरली.

"माय, तू बसशील का माझ्यासाठी?"

द्रौपदाबाई आधी हसल्या, मग घाबरल्या. दोन दिवस नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं की ते दुखतं का. चारूने आईला मिठीच मारली.

स्पर्धा रविवारी होती, म्हणून बुधवारी दुपारी पार्लर बंद ठेवून काम झालं. शेपटीच्या कंगव्याने चारू एकेक बारीक बट वेगळी करायची, तिच्यावर रंग उतरवणारा निळसर पांढरा लेप लावायची आणि चंदेरी कागदात दुमडून टाकायची. तो कागद तिने भांड्यांच्या दुकानातून आणला होता. लेपाच्या वासाने द्रौपदाबाईंचे डोळे चुरचुरत होते, डोकं जड झालं होतं, पण त्या हलल्या नाहीत. मुलीच्या बोटांकडे आरशातून बघत राहिल्या. ही पोरगी घरात साधा कांदा चिरताना धांदल करते आणि इथे श्वासही जपून घेते, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

केस धुऊन, वाळवून, चारूने खुर्ची आरशाकडे फिरवली. तपकिरी केसांतून रुंद सोनेरी पट्टे खांद्यावरून खाली उतरले होते. द्रौपदाबाईंनी हात वर नेला, परत मांडीवर ठेवला. मग मान थोडी डावीकडे वळवली, थोडी उजवीकडे. सुनंदाताईंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी बरी दिसते." त्या आवाजात इतकं नवल होतं की सुनंदाताईंनी हातातला कंगवा खाली ठेवला.

गावात मात्र गुरुवारी सकाळपासूनच कुजबुज सुरू झाली. अंबाडा बांधला तरी पट्टे लपत नव्हते. पिठाच्या गिरणीत बायका बोलता बोलता गप्प झाल्या. एकीने अंगात काही आलंय का म्हणून विचारलं. गिरधर जेवायला बसले तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं, पुन्हा ताटात पाहिलं. त्या एका नजरेचा अर्थ द्रौपदाबाई दिवसभर लावत बसल्या. खरं तर विचारलं असतं तर गिरधरांनी सांगितलंही असतं.

शनिवारी त्यांच्या थोरल्या दिरांच्या, कौतिकभाऊंच्या मुलाचा साखरपुडा होता. शुक्रवारी दुपारी थोरल्या जाऊबाई झुंबरबाई आल्या. भांडायला नव्हे, अगदी मायेने बोलल्या. मुलीकडचे लोक भुसावळचे, रीतभात पाहणारे, उगाच चर्चा नको, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू उद्या मांगंच बस द्रौपदा. ओटी मी दुसरीले भराले सांगते."

पंचवीस वर्षं त्या घरात राबलेल्या बाईला हे फार लागलं. एखादीने शिव्या दिल्या असत्या तर त्या उलट बोलल्या असत्या. पण मागे बस म्हटल्यावर त्यांचा सगळा धीर गेला. आरशातली बाई आता त्यांना आपली वाटेना. त्यांनी झुंबरबाईंनाच विचारलं, काळा रंग आहे का घरी. होता. तासाभरात मागच्या अंगणात बसून, जुन्या टॉवेलाने खांदे झाकून, दोघींनी मिळून सोनेरी पट्टे काळे करून टाकले. रविवारच्या स्पर्धेचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण ते परवाचं होतं, आणि साखरपुडा उद्याचा.

संध्याकाळी चारू आली ती सुनंदाताईंची जांभळी रेशमी साडी घेऊन. आईने स्पर्धेत नेसायची होती. आईला पाहून ती उभीच राहिली. साडी खाटेवर ठेवली. जवळ येऊन एक ओली बट दोन बोटांत चोळून पाहिली. बोटं काळी झाली.

"कोनी लावला?"

"म्याच लावला," द्रौपदाबाई म्हणाल्या. झुंबरबाईंचं नाव काढायची त्यांची छाती झाली नाही. "धून टाकला तं जाईन का?"

"नही जात."

"मंग पुन्हा कर. रातभर बसते मी."

चारूने मान हलवली. काळ्यावर पुन्हा लेप लावला तर नारिंगी होईल, आणि एवढ्यात दुसऱ्यांदा लावला तर केस हातात तुटून येतील, असं तिने समजावून सांगितलं. द्रौपदाबाई म्हणाल्या, तुटू दे. "तुझे केस मी तोडू का माय?" असं म्हणून ती हात धुवायला गेली. रडली नाही, रागावलीही नाही. दुसऱ्या दिवशी साखरपुड्यात तिने सगळ्यांना सरबत वाटलं.

त्या साखरपुड्यात द्रौपदाबाई पुढे बसल्या, ओटीही त्यांनीच भरली. भुसावळच्या पाहुण्यांनी त्यांच्या केसांकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या दहा बायकांत त्या एक होत्या. पदराखाली काय होतं, कुणाला दिसणार होतं? हा विचार त्यांना तिथेच, हातात तांदूळ असताना आला.

रविवारी चारू पहाटेच्या गाडीने एकटीच धुळ्याला गेली. कुणी ऐन वेळी बसायला मिळेल, रंग नाही तर नुसती केशरचना तरी दाखवता येईल, अशी आशा तिला असावी. रात्री परत आली. द्रौपदाबाईंनी ताट वाढलं, तिने जेवून घेतलं.

महिन्याभराने द्रौपदाबाई डोक्यावरून पदर घेऊन जळगावच्या बाजारात गेल्या असताना सुनंदाताई भेटल्या. त्यांनी काळजीने हात धरला. आता तब्येत कशी आहे, म्हणाल्या. चारूने त्यांना सांगितलं होतं की आईला ताप भरला, उठवेना, म्हणून नेता आलं नाही. पोरगी दिवसभर धुळ्याच्या त्या हॉलमध्ये नुसती बसून होती, पण आईला तशा अवस्थेत आणलं नाही हेच बरं केलं, असंही त्या म्हणाल्या.

द्रौपदाबाईंच्या तोंडाशी खरं आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बाजारात माणसं होती, समोरच्या बाईच्या डोळ्यांत माया होती, आणि त्या म्हणाल्या, "आता बरं हाये." परतीच्या गाडीत असोदा येऊन गेलं तरी त्यांना कळलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून त्या चालत मागे आल्या.

त्यानंतर चारू पार्लरमध्ये जात राहिली, पण रंगाचं काम आलं की दुसऱ्या मुलीला पुढे करायची. वर्षभरात तिचं लग्न झालं. मुलगा रेल्वेत होता, नरडाण्याला क्वार्टर. स्थळ चांगलं होतं. तिने हो म्हणायला वेळ लावला नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात द्रौपदाबाई पॅसेंजरने लेकीकडे गेल्या. क्वार्टर छोटी पण नीटनेटकी होती. जावई ड्युटीवर गेलेले. दुपारी दोघी जमिनीवर पडल्या होत्या, पंखा फिरत होता. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते द्रौपदाबाईंनी त्या दुपारी सांगितलं. झुंबरबाईंचं, मागे बसण्याचं, सुनंदाताई भेटल्याचंही. आणि मग म्हणाल्या, "मले आवडले व्हते ते केस. लई आवडले व्हते. तुले सांगतलंच नही मी."

चारू आईकडे कुशीवर वळली.

"ते तरी सांगाचं व्हतं माय," ती म्हणाली. "मले वाटलं तुले लाज वाटली माझ्या कामाची."

द्रौपदाबाईंनी तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. तेवढ्यात शेजारची एक बाई भुवया करून घ्यायला दारात आली. चारू उठली, साडी सारखी केली, कपाटावरचा दोरा उतरवला आणि तिला खिडकीजवळ उजेडात बसवलं. द्रौपदाबाई पडल्या पडल्या तिच्या बोटांकडे बघत राहिल्या.