वैमानिकाचे कान

हिलालने पोराला वैमानिक करायचं ठरवलं तेव्हा सुरतेला विमान असं जवळजवळ येतच नव्हतं. वैमानिकांना तपासणारे डॉक्टर मात्र होते. वायुदलातून निवृत्त झालेले डॉ. श्रीरंग. "या शास्त्राला मोठं भविष्य आहे," असं ते सांगत आणि कापड विणणाऱ्या लूमवाल्यांच्या कानातला मळ काढत.

तपासणीत कुजबुज ऐकू यावी लागते हे कळल्यावर सुरतेतल्या नवागामच्या खोलीत तालीम सुरू झाली. हिलाल आणि त्याची बायको भागीरथी यांची हयात लूमच्या खडखडाटात गेलेली. तिथे आवाज कोण वाया घालवतो? नुसते ओठ हलवायचे. त्यांच्या लेखी हीच कुजबुज. हिलाल दारातून ओठांनी 'वांग्याचं भरीत' म्हणे. कॉलेज सुटल्यावर लूमवर उभा राहणारा गजेंद्र एकदाही चुकला नाही.

"पोरगं पास शे," हिलालने जाहीर केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी गजेंद्रला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून काहीतरी पुटपुटले. गजेंद्र वळला.

"वळायचं नाही."

"मग ऐकू कसं येणार?"

"कानाने."

हिलालला ही अट नवीनच वाटली. "साहेब, तोंड तर दाखवा पोराला."

"कंट्रोल टॉवर तोंड दाखवत नाही, हिलालभाऊ."

कान मेले नव्हते, दमले होते. महिनाभर लूमपासून लांब राहा आणि परत ये, नाहीतर विमान विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"नवागाममध्ये शांतता कुठे मिळते तेवढं सांगा," हिलाल म्हणाला. ते डॉक्टरांच्या शास्त्रात नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेग आला. सुरत पळाली, लूम थंड पडले, आणि हे तिघे धुळ्याकडच्या गावी, ज्वारीच्या रानात जाऊन पडले. शास्त्राला न जमलेलं काम उंदरांनी केलं.

दिवाळीनंतर डॉक्टर तोंडाला रुमाल बांधूनच बसले होते. मागून कुजबुजले, "बेचाळीस." गजेंद्रने भिंतीला बेचाळीस सांगितलं. सही झाली.

परतताना गल्लीतले लूम पुन्हा धडधडत होते. पुढे चालणारा गजेंद्र म्हणाला, "आबा, मी आता लूमवर येणार नाही."

"काय सांगस? तोंड इकडं कर."

गजेंद्र वळला आणि तेच पुन्हा, नुसत्या ओठांनी म्हणाला.

"मंग तुले लूमवर बलावस कोन?" हिलाल म्हणाला आणि कारखान्यात शिरला.