गुडघ्यांखालची सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. थोडक्यात आटोपते, कारण आता जीव पार थकलाय.

कंधारच्या बाजारातून मला नायगावजवळच्या या खेड्यातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात आणलं, त्याला वीस वर्षं झाली. दर रविवारी मंडळी माझ्यावर गुडघे टेकते. शेजारच्या आळीत बारसं असलं की मी तिथेही जाते आणि वरणाचे डाग घेऊन परत येते. झटकायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

आमचे पास्टर विनोद दर नाताळाला आपली साक्ष सांगतात. तरुणपणी कंधारच्या वाटेवर भर दुपारी उजेड पडला, देवानं नावानं हाक मारली. पोरांनासुद्धा ती तोंडपाठ आहे. सांगून झाल्यावर पास्टर एकटेच माझ्यावर बसून राहतात, खूप वेळ. एवढी लांब प्रार्थना कसली, याचं मला नवल वाटायचं.

यंदा मंडळीतल्या राजकन्या नावाच्या पोरीनं पाळकाचं, म्हणजे पास्टर होण्याचं, शिक्षण घ्यायचं ठरवलं. त्यासाठी कमिटीचं पत्र लागतं आणि पत्रात पाचारण, म्हणजे देवानं या कामाला कसं बोलावलं ते, लिहावं लागतं. कमिटीचे संगमेश म्हणाले, "देवानं काय दाखवलं, ते रविवारी सगळ्यांपुढं सांग."

पोरगी तीन आठवडे पहाटे येऊन माझ्यावर रडली. "देवा, कायतरी बोल की." मीही कान देऊन ऐकलं. बाहेर कोंबडे आरवत होते, बाकी काही नाही.

रविवारी ती उभी राहिली. "मला काय बी दिसलं न्हाई. आवाज बी आला न्हाई. नागाबाई अंथरुणाला खिळलीय, पाठीच्या जखमांचा वास येतो म्हणून कुणी जाईना. मी रोज तिचं अंग धुवून राहिले. ते करताना वाटतं, जन्मभर हेच करावं. इतकंच हाय."

"मग पाचारण कशाचं?" संगमेशनी पेन खाली ठेवलं.

मग पास्टर उठले.

"संगमेश, मला बी उजेड दिसला न्हवता."

लोक एकमेकांकडे बघू लागले. पास्टर थांबले नाहीत. "किल्लारीच्या भूकंपात एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला. ढिगाऱ्याखालून. सोडंना. त्याचा जीव जाईपर्यंत मी बसून राहिलो. त्यानंतर या सेवेबिगर दुसरं काम हातून झालंच न्हाई. पण कमिटीनं विचारलं, काय दिसलं? मी भ्यालो अन् उजेड सांगितला. लई वर्सं सांगितला. माफ करा मला."

काहीजण चपला घालून निघून गेले. मला पास्टरांची फार दया आली, आणि रागही आला. इतकी वर्षं हे ओझं माझ्यावर टेकवत होते, आणि मला वाटायचं प्रार्थना आहे.

संगमेशनी पेन पुन्हा उचललं. म्हणाले, "आता पत्रात काय लिहू?"

"नागाबाईला कोण धुतं, ते लिहा," पास्टर म्हणाले.

त्यांनी तेच लिहिलं. राजकन्या जूनमध्ये शिकायला गेली. रविवारची मंडळी निम्मी झालीय, आणि माझे काठ उसवलेत. येत्या नाताळाला मला बदलतील. बदला बाबांनो, मी नाही म्हणणार नाही.

पहाटे आता माझ्यावर कुणीच नसतं. पास्टरही येत नाहीत. त्या वेळेला ते गरम पाण्याची बादली घेऊन नागाबाईकडे गेलेले असतात.