आठवं कॉलेज

आमच्या क्रीडा मंडळात कॉलेजं सात. सात असली की मंडळातल्या विजेत्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते, सहा झाली की मिळत नाही. आमच्याकडे बर्फ काढायला येणाऱ्या माणसालासुद्धा हे माहीत आहे. मग सात असताना आठवं कशाला शोधायचं, असं मी वेंडेलला तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा त्याने मला हवामान सांगितलं.

वेंडेल क्रोग हा मंडळाचा सचिव. मी आर्डिस लुंडीन, हॉल्व्हरसन कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्याला एकतीस वर्षं झाली. कॉलेज एवढंसं, त्यामुळे क्रीडा संचालकही मीच आणि गणवेश धुणारीही मीच. एकतीस वर्षांत माझा संघ राष्ट्रीय स्पर्धेला एकदाही गेलेला नाही. दोनदा अगदी दारापर्यंत गेलो, त्यातल्या एकदा एका गुणाने हरलो. त्या सामन्याबद्दल माझ्यासमोर अजूनही कुणी बोलत नाही.

पण पुढचं वर्ष आमचं होतं. बाराजणींपैकी तिघीच यंदा पदवी घेऊन जाणार होत्या. उरलेल्या नऊ माझ्याकडेच राहणार होत्या, आणि त्यांची कर्णधार मारिसोल त्रेविनो. चेंडू हातात आला की ही पोरगी जीभ बाहेर काढते आणि समोरच्या मुलीला वाटतं ही वेंधळी आहे. तेवढ्यात चेंडू जाळीत. या नऊ जणींसाठी मी एकतीस वर्षं थांबले होते असं मी चर्चमध्येसुद्धा शपथेवर सांगितलं असतं.

तर एप्रिलच्या एका बुधवारी वेंडेलचा फोन आला.

"शुक्रवारी ऑटर फोर्क कॉलेजची पाहणी आहे. माझ्याबरोबर तू चल."

"पाळी माझी नाही," मी म्हटलं. नवीन कॉलेज मागणी करतं तेव्हा सचिवाबरोबर एक प्रशिक्षक जातो, आणि तो पाळीने जातो. माझी पाळी दोन वर्षांपूर्वी होऊन गेली होती.

"बदलली."

"कुणी बदलली?"

"मी. आठ वाजता येतो. बूट घाल, चिखल आहे."

कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळेना. ऑटर फोर्कने नोव्हेंबरात सरावाच्या सामन्यात आम्हाला नऊ गुणांनी हरवलं होतं. असल्या संघाला आपणच दार उघडून घरात घ्यायचं? तेही माझं वर्ष आलेलं असताना? मी ठरवून टाकलं, जायचं आणि खोट काढायची. खोट सगळीकडे असते, फक्त वाकून बघावं लागतं.

शुक्रवारी वेंडेलची गाडी वेळेवर आली. अडीच तासांचा रस्ता. शेतांमधून जुना बर्फ मळक्या चादरीसारखा पडला होता. एरवी वेंडेल बोलायला लागला की थांबत नाही. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला पाठ आहे. त्या दिवशी मात्र गप्प.

"गुडघा कसा आहे?" मीच विचारलं.

"बरा आहे."

"दुसरा?"

"तोही बराच आहे."

एवढ्यावर तो थांबला, तेव्हा मला खरी काळजी वाटायला हवी होती. मला वाटलं पोट बिघडलं असेल.

ऑटर फोर्कच्या व्यायामशाळेच्या दारात रोझाली वायसेनबर्ग उभी होती. ही त्यांची क्रीडा संचालक, चाळिशीची, उंच, बोलताना मान जराशी कलती करणारी. शेजारी त्यांचे अध्यक्ष, टायबीय लावून. अध्यक्षांनी वेंडेलशी एका हाताने हस्तांदोलन केलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ सोडलाच नाही. आमच्या भागात माणसं सख्ख्या भावालाही दोन हातांनी भेटत नाहीत. मी वेंडेलकडे पाहिलं, तर तो छताचे दिवे मोजत होता.

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यासाठी सोपं नसणार हे."

"अडीच तास तर लागतात," मी म्हटलं. "त्यात काय अवघड?"

अध्यक्षांचा चेहरा गोंधळला. माझाही गोंधळला असणार.

मी कामाला लागले. मैदान मोजलं, बरोबर निघालं. गुणफलक लावून पाहिला, एकही दिवा गेलेला नाही. शेवटी पाहुण्या संघाच्या खोलीत शिरले आणि चारही शॉवर सोडून ठेवले. दोनांना गरम पाणी, दोनांना गारच. पाहणीच्या कागदावर मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. इतका आनंद मला नाताळातही होत नाही.

"करून घेऊ आम्ही," रोझाली म्हणाली. वाद नाही की सबब नाही. खोट काढल्यावर समोरच्याने भांडायला नको का?

मग त्यांच्या स्वतःच्या संघाची खोली. लाकडी लॉकर, वर प्रत्येकीचं नाव कागदी चिकटपट्टीवर लिहिलेलं. नावं अकरा, लॉकर सतरा. शेवटच्या सहांना नवं पॉलिश, वासही गेला नव्हता.

"अकरा मुलींना सतरा लॉकर कशाला?"

रोझालीने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने बुटांकडे.

"लागतील," ती म्हणाली. मग हळूच, "कोच, तुमची ती मारिसोल. नर्सिंग करते ना ती?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"आमच्याकडे नर्सिंग आहे. बाहेरून आलेल्यांना सरळ शेवटच्या वर्षाला घेतात. मी विचारून ठेवलंय."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या कॉलेजच्या खेळाडूला फूस लावायची नाही, हा मंडळाचा पहिला नियम आहे. ही बाई मंडळात यायच्या आधीच, आणि तेही कुणासमोर, तर त्या खेळाडूच्याच प्रशिक्षकासमोर! चोर तर चोर, वर शिरजोर.

"बाई," मी म्हटलं, "आमच्याकडे लोक निदान पाठीमागून तरी चोरतात."

मला वाटलं ती चिडेल. तिचे डोळे भरून आले.

आता मला सांगा, माणसाने काय समजायचं? भांडायला आलेल्याला भांडू दिलं नाही की त्याची फार पंचाईत होते. मी कागदावर "खेळाडू पळवण्याची वृत्ती" असं लिहिलं, पण अक्षर वाकडंतिकडं आलं.

निघताना रोझाली धावत गाडीपाशी आली. हातात काचेचं भांडं, वर चांदीचा कागद. हॉटडिश. खाली मांस आणि मटार, वर बटाट्याच्या गोळ्या, भट्टीतून नुकतीच काढलेली. खिडकीतून तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं. "मत विकत घेताय का?"

"घरी जाऊन खा," ती म्हणाली. "आणि भांड्याची घाई नको, सावकाश द्या."

गाडी निघाली. भांडं मांडीला चटका देत होतं. मी वेंडेलला चार मैल सुनावलं. मी 'घेऊ नये' असं लिहिणार, ठळक अक्षरात लिहिणार, वर नियमाचा क्रमांक टाकणार.  चटका असह्य झाला म्हणून मी भांडं उचललं आणि त्याच्या बुडाला हात लागला. खाली चिकटपट्टी होती, तिच्यावर रोझालीचं नाव.

मी बोलता बोलता थांबले.

आमच्याकडे सहभोजनाला प्रत्येकजण भांडं नेतो, नाव घालून नेतो, आणि संध्याकाळी ज्याचं तो परत घेऊन जातो. जे भांडं माणसाच्या हातात घरी न्यायला देतात, आणि देताना "घाई नको, सावकाश द्या" म्हणतात, ते एकाच घरी जातं. मी स्वतः अशी शंभर भांडी दिली असतील. माझा नवरा गेला तेव्हा ओट्यावर चौदा होती, आणि मी ती उन्हाळ्यापर्यंत परत करत होते.

"वेंडेल," मी म्हटलं, "कोण मेलंय?"

त्याने धान्याच्या कोठारापाशी गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले.

"सोमवारी पेनहॅलो सांगणार आहे सगळ्यांना." डॉ. पेनहॅलो म्हणजे आमच्या कॉलेजचे अध्यक्ष. "विश्वस्तांनी फेब्रुवारीतच ठरवलं. मे महिन्यानंतर हॉल्व्हरसन बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, आर्डिस. मुलंच येत नाहीत गं. यंदा पहिल्या वर्षाला किती आली?"

एकेचाळीस आली होती. मला माहीत होतं. मला वाटलं होतं, बरं झालं, गाडी लावायला जागा मिळते. नव्या गणवेशांची मागणी कार्यालयातून दोनदा परत आली होती, 'थोडं थांबा' असा शेरा मारून, आणि मी दोन्ही वेळा थांबले होते. गवत कापायचं यंत्र शरदापासून बंद पडलं होतं, ते कुणी दुरुस्त केलं नव्हतं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा.

मला काहीतरी शहाण्यासारखं विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते असं:

"मग नोव्हेंबरातल्या पहिल्या सामन्याची तारीख मी कुठली लिहायची?"

वेंडेलने नाक पुसलं.

"म्हणजे हे आठवं कॉलेज नाहीच," मी म्हटलं. "सातवं आहे. आमच्या जागी."

"सहा झालो तर कुणालाच जागा मिळणार नाही. बाकीच्या अध्यक्षांना त्याचीच घाई झाली होती. मला शपथ घातली होती कुणाला न सांगण्याची. मी शपथ मोडली नाही."

"नाही मोडलीस. अडीच तास गाडीत बसवून मला माझ्याच मयताला घेऊन आलास."

"कुणीतरी तुझ्या पोरींसाठी जागा बघायला हवी होती," तो म्हणाला. "दुसरा कुणी आला असता तर त्याने मैदान मोजलं असतं. तू शॉवर सोडून बघतेस."

मला रडू येईल असं त्याला वाटलं असावं, त्याने रुमाल पुढे केला. मला रडू नाही आलं. मला राग आला. पेनहॅलोचा आला, वेंडेलचा आला, त्या एकेचाळीस पोरांचा आला, त्यांच्याबरोबर जी आली नाहीत त्यांचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो त्या बाईचा, जी मला सकाळपासून सांगत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. मांडीवर भांडं निवत चाललं होतं. माझं वर्ष, माझी नऊ जणींची फळी, एका गुणाने हरलेल्या सामन्याची भरपाई, सगळं संपलं होतं, आणि कोठारावर कबुतरं नेहमीसारखी बसली होती.

मी कागद काढला. "खेळाडू पळवण्याची वृत्ती" यावर काट मारली. तळाला शिफारशीचा रकाना होता. "घ्यावे," मी लिहिलं. पेन खिशात ठेवता ठेवता डोक्यात काहीतरी अडकलं. सतरा वजा अकरा.

"वेंडेल, गाडी वळव."

"आता काय राहिलं?"

"वळव म्हणते ना!"

रोझाली अजून व्यायामशाळेतच होती, पाहुण्यांच्या खोलीत वाकून त्या गार शॉवरचा नळ पिळत होती. मी चांदीच्या कागदासकट भांडं तिच्यासमोर बाकावर ठेवलं.

"कोच," ती दचकली, "मी म्हटलं होतं ना, घाई नाही."

"घाई आहे. तुझे लॉकर सहा आहेत. माझ्या पोरी नऊ आहेत."



"सहा जणींनाच घ्यायचं असं आम्ही ठरवलंय," ती म्हणाली. "संघ फार मोठा होतो हो. वीस जणी! बसमध्ये तरी कुठे बसवू?"

"बसमध्ये पोरी दाटीवाटीने बसतात, त्यांना तेच आवडतं. कागद माझ्याकडे आहे. 'घ्यावे' लिहिलंय, पण पेनही आहे."

हे धमकावणं होतं. मंडळाचा कुठला नियम मोडत होता ते मला माहीत नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं. वेंडेल दारात उभा राहून पुन्हा छताचे दिवे मोजू लागला.

रोझालीने नळ सोडून दिला. खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढली, तीच, भांड्याखालची. आम्ही तिघं लॉकरांच्या खोलीत गेलो. मी नावं सांगत गेले, ती लिहून चिकटवत गेली. मारिसोल पहिली. सहा लॉकर भरले. उरलेल्या तिघींची नावं तिने भिंतीवरच्या खुंट्यांखाली लावली. "ऑगस्टपर्यंत लाकूड आणते," ती म्हणाली.

सोमवारी पोरींना काय सांगायचं, कुणाच्या तोंडाने सांगायचं, मला काहीच सुचत नव्हतं. एवढंच कळत होतं की त्या नऊ जणी पुढच्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला जातील, आणि त्यांच्या पाठीवर दुसरंच नाव असेल.

रोझालीने आणखी एक पट्टी फाडली आणि पेन धरून थांबली.

"आणि कोच, तुम्ही?"

"मी पाहुण्यांच्या बाजूला बसेन," मी म्हटलं. "त्यांच्या दोन शॉवरना गरम पाणी येत नाही. कुणीतरी तक्रार करायला नको?"

तिने पट्टी गुंडाळली नाही. काही न लिहिताच ती दाराच्या चौकटीला लावून ठेवली. मग तिने तीन काटे आणले, आणि आम्ही तिथेच बाकावर बसून ते भांडं रिकामं केलं.