राहिलेल्या फायली

नम्रताने फाइल पुन्हा ओढून पलीकडे सोडली. पुन्हा नकार.

"अहो, फोटो गेले सगळे. संस्कृतीची रेकॉर्डिंग तेवढी जात नाहीत."

फोनवर मुंबईहून तिचा नवरा रितेश होता. त्याचा जुना लिनक्सवाला लॅपटॉप पडवीतल्या टेबलावर होता. त्याची यूएसबीची खाच गंजलेली, म्हणून घरच्या वायफायवरून शेजारच्या विंडोजच्या लॅपटॉपवर फायली टाकायच्या होत्या. उद्या रत्नागिरीला डॉक्टरांना त्या ऐकवायच्या. लेकीला, संस्कृतीला, तिसरं सरत आलं तरी अजून एक शब्द नव्हता.

"फायलींच्या नावात रेकॉर्डिंगची वेळ आलीय बघ, मध्ये दोन टिंबं. विंडोजला ती चालत नाहीत. नावं बदल."

"काय देऊ?"

"कशात काय आहे ते लिहा, म्हणालेत ना डॉक्टर? ऐक नि लिही. आणि अगो, जरा दम खा. परीक्षा तुझी नाहीये."

"तुम्हांला तिकडे बसून बोलायला काय जातंय!"

तिने फोन ठेवला आणि पहिली फाइल लावली.

"हे काय? भू-भू. म्हण, भू-भू. बरं, आई म्हण. म्हण ना गो!"

सगळा तिचाच आवाज. मधे लेकीचा श्वास. तिने लिहिलं, 'चित्रांचं पुस्तक'. फाइल गेली. पुढच्यात पुन्हा तीच, घास भरवताना. लिहिलं, 'जेवताना'. नखं कुरतडत तिने शेवटची उघडली.

"आई म्हण. आ... ई..." मग कुकरची शिट्टी. "थांब हं, आले." पावलं लांब गेली. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. ती फाइल मिटणार, एवढ्यात बारीक, स्वच्छ आवाज आला.

"आई गेली."

मग पुन्हा तोच आवाज.

"ये, बोक्या. ये."

नम्रताने मान वळवली. संस्कृती पायरीवर बोक्याला मांडीत घेऊन बसली होती, ओठ घट्ट मिटून तिच्याकडेच बघत. हाक नम्रताच्या ओठांवर आली. तिने ती गिळली.

मग तिने फाइलला नाव दिलं, 'आई नसताना', आणि पलीकडे टाकली. पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत ती बघत राहिली.

"मी मागच्या बाजूला जाते गो," ती म्हणाली आणि उठली. चपला मुद्दाम वाजवत घराला वळसा घालून गेली, आणि मागच्या चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावून, श्वास धरून, पायरीकडे कान देऊन उभी राहिली.