झाकलेल्या गाडीचे कुंकू

माझी सोडून आमच्या जिल्ह्यात पंधरा वर्षांहून जुन्या सत्तेचाळीस अश्वरथ मोटारगाड्या चालू स्थितीत आहेत. हा आकडा अंदाजाचा नाही. प्रत्येक गाडीचा सांगाडा क्रमांक, मालकाचे नाव आणि दर वर्षीच्या तपासणीचा निकाल माझ्या वहीत आहे. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि एकतीस वर्षे मोटार दुरुस्तीचा विषय शिकवला. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय तेव्हापासूनची.

दर खंडेनवमीला या गाड्या येडशीच्या स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या माळावर जमतात. इतरत्र त्या दिवशी गाडी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि पूजा झाली असे म्हणतात. आमच्याकडे आधी तपासणी होते. मी सकाळी सातला सतरंजी अंथरून गाडीखाली शिरतो. ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे बोल्ट, दिवे असे एकूण बावीस मुद्दे पाहतो. बावीसही नीट असतील तर बॉनेटवर माझ्या हाताने कुंकवाचे स्वस्तिक काढतो. एकही मुद्दा चुकला तर कुंकू नाही; दुरुस्ती करून पुढच्या वर्षी यायचे. सव्वीस वर्षांत या नियमाला अपवाद झाला नव्हता. "सरांचं कुंकू लागलंय का?" असे विचारून लोक जुनी गाडी विकत घेत. माझ्याजवळ शेती नाही, घर साधे आहे. जिल्ह्यात माझे जे काही आहे ते एवढेच.

अश्वरथचा चेहरा कसा होता हे नव्या वाचकांना सांगायला हवे. दोन गोल दिवे, मध्ये सहा उभ्या पट्ट्यांची लोखंडी जाळी, खाली जाड बंपर आणि त्याला दोर अडकवायचे दोन आकडे. बॉनेट इतके सपाट की त्यावर चार माणसे भाकरीची फडकी सोडून जेवत. ते रूप शोभेसाठी नव्हते. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी मी माझी गाडी घेऊन सास्तूरला पोचलो, तेव्हा त्या दोन आकड्यांना दोर बांधून आम्ही पडलेल्या माळवदांच्या तुळया दुपारपर्यंत ओढत होतो. महांतप्पाची आणि माझी ओळख तिथलीच. एका तुळईखालून त्याचे वडील जिवंत निघाले. पुढे त्याने पहिली गाडी घेतली ती अश्वरथच.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत श्रीनाथ माझ्या घरी आला. हा माझा विद्यार्थी. दोन वर्षे तो आमच्याच घरी जेवला, कारण त्याच्या गावाहून सकाळची एसटी वेळेवर पोचत नसे. आता जिल्ह्याच्या गावी त्याचे अश्वरथचे मोठे विक्री केंद्र आहे. तो म्हणाला, "सर, कंपनी गाडीचं नवं रूप काढतेय. जुन्या मालकांचं मत हवंय त्यांना. जिल्ह्यातून तुमच्याशिवाय कोण देणार?"

मी तीन महिने फिरलो. भूमपासून लोहाऱ्यापर्यंत सत्तेचाळीस मालकांना भेटून प्रश्नावली भरून घेतली. काय बदलावे आणि काय बदलू नये, याचे दोन तक्ते केले. एक्केचाळीस जणांचे म्हणणे एकच होते: आतून काहीही करा, पण जाळी, आकडे आणि सपाट बॉनेट ठेवा. अकरा पानांचे निवेदन झाले. शेवटी सत्तेचाळीस सह्या घेतल्या आणि लिफाफा श्रीनाथच्या हाती दिला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, पोचलं. वरच्या साहेबांनी वाचलं. तोंड तेच राहणार."

ही बातमी मी सत्तेचाळीस जणांना स्वतः कळवली.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला श्रीनाथ नवी गाडी ट्रकवर चढवून येडशीला घेऊन आला. गाडीवर निळ्या कापडाचे आवरण होते आणि सोबत दोन छायाचित्रकार. माझी तपासणी संपत आली होती. त्याने वाकून नमस्कार केला.

"सर, जिल्ह्यातली पहिली गाडी. पहिलं कुंकू तुमचं."

"आवरण काढ. तपासतो."

"बारा वाजेपर्यंत उघडायची नाही, कंपनीचा नियम आहे. तुम्ही कापडावरूनच लावा. मुहूर्त साडेअकराचा आहे."

"न तपासता?"

"सर, कारखान्यातून कालच आलीय. तपासणी उद्या करा, गाडी कुठं पळून जातेय? आणि तोंड तेच आहे. थोडं चकचकीत केलंय, एवढंच." मग जरा खाली आवाजात तो म्हणाला, "तुमच्या हातचं खाऊन मोठा झालो, सर. आज नाही म्हणू नका."

मी कापडावर स्वस्तिक काढले. कुंकवाचे बोट उचलतो न उचलतो तोच, बारा वाजायची वाट न पाहता, दोन्ही बाजूंनी आवरण ओढले गेले आणि कॅमेरे चमकले.

समोर जाळी नव्हती. गोल दिवे नव्हते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिव्याची एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळा, गुळगुळीत, सलग पत्रा. बॉनेट घसरगुंडीसारखे उतरते. आकड्यांच्या जागी काही नाही.

माळावर दोन तट लगेच पडले. भूमचा शंभू, तिशीतला, वडिलांची जुनी अश्वरथ चालवणारा, पुढे धावला. "आरारा! लई भारी! इमान दिसतंय इमान, आभाळातलं!" त्याच्याबरोबर दहाबारा तरुण होते. कोणी दाराचा पत्रा वाजवून पाहत होता, कोणी आतल्या पडद्यावर बोट फिरवत होता.

महांतप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता. "हे तोंड हाय व्हय? इस्त्रीचा पत्रा दिसतोय. उद्या कुठं घर पडलं तर दोर काय ह्या रेघंला बांधायचा?"

"अप्पा, तुळया वढायचा जमाना गेला," शंभू हसत म्हणाला.

"जमाना सांगून येत न्हाय, बाळा. त्यो पहाटं चारला येतो."

मग महांतप्पा माझ्याकडे वळला.  त्याने माझ्या बोटाला लागलेल्या कुंकवाकडे पाहिले आणि आपली गाडी सुरू केली.

आठवड्याने मी भूमच्या बाजाराला गेलो. एसटी स्टँडसमोर वीस फुटी फलक लागला होता. त्यावर मी होतो. बोट वर, त्यामागे तो काळा गुळगुळीत चेहरा, आणि मोठ्या अक्षरांत: 'सरांचं कुंकू लागलं! अश्वरथचं नवं, धाडसी रूप.' कोपऱ्यात लहान अक्षरांत: 'जिल्ह्यातील सत्तेचाळीस जुन्या मालकांशी सल्लामसलत करून.'

मी भाजी न घेता परतलो. संध्याकाळी महांतप्पाचा फोन आला.

"मास्तर, माझ्या गाडीचा हँडब्रेक जरासा ढिला निघाला होता, आठवतंय? सगळ्या गावाम्होरं तुमी मला कुंकू न्हाय दिलं. आमची कारभारीन म्हणली, एवढा दोस्त अन् एक बोट न्हाय लावलं? म्या म्हणलं, दोस्त हाय म्हणूनच न्हाय लावलं. आता तिला काय सांगू? तुमी तर नवरी न बघताच अक्षता टाकल्या की!"

"अप्पा, मला फसवलं."

"तुमाला एकट्यानं फसवलं. आमाला दोघांनी." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी विक्री केंद्रात गेलो. श्रीनाथने काचेच्या खोलीत बसवले, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"निवेदन कोणत्या तारखेला पाठवलंस?"

 त्याने टेबलाचा खालचा खण उघडला. माझ्या अक्षरातला पत्ता, माझ्या हाताने चिकटवलेली कडा. लिफाफा फोडलासुद्धा नव्हता.

"सर, पाठवून उपयोग नव्हता. साचे आधीच तयार झाले होते."

"केव्हा?"

"तुम्हाला विचारलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात."

या उत्तराने मला अधिक लाज वाटली ती माझी. पत्र्याचा साचा तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. यंदा बाजारात येणाऱ्या गाडीबद्दल जानेवारीत मत विचारले जाते, तेव्हा त्या मताला काही अर्थ उरलेला नसतो, हा हिशेब मला पहिल्याच दिवशी कळायला हवा होता. पण मला कोणीतरी विचारले, याच आनंदात मी तीन महिने फिरलो.

"मग आमचं मत मागितलं कशाला?"

"मत मागितलं की माणसं आपली होतात, सर. प्रशिक्षणात तसंच शिकवतात."

"आणि कुंकू?"

"आधी दाखवली असती तर तुम्ही लावलं नसतं."

"आधी दाखवली असतीस तर तपासली असती," मी म्हणालो. "आणि बावीस मुद्दे बरोबर निघाले असते, तर चेहरा न आवडूनही लावलं असतं. माझ्याजवळ दोन वर्षं शिकून तुला एवढंही कळलं नाही?"

 फलक उतरवतो, असे तो म्हणाला आणि चार दिवसांत उतरवलाही. लिफाफा मी परत आणला. बोलणे मात्र कोणाला उतरवता येत नाही. भूमच्या बाजारात कोणी खराब वांगी विकली तरी गिऱ्हाईक म्हणू लागले, "सरांचं कुंकू लागलंय वाटतं!"

पाडव्याला शंभूने ती गाडी घेतली. त्याचा फोन आला. "सर, तुमच्या कुंकवावर इस्वास ठिवून घेतली बरं का." त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सतरंजी आणि बॅटरी घेऊन मी भूमची एसटी पकडली.

त्याच्या अंगणात दोन तास तपासणी केली. जे आढळले ते सांगणे माझे काम आहे. ब्रेक आमच्या कोणत्याही गाडीपेक्षा चांगले होते. स्टिअरिंगमध्ये खोट नव्हती. दोर बांधायलाही जागा होती. बंपरवरचे एक झाकण काढून हत्यारांच्या पेटीतला आकडा आत फिरवून बसवायचा, अशी. बावीसपैकी बावीस. मी वहीत तसे लिहिले.  गाडीत खोट सापडली असती, तर माझे दुःख सोपे झाले असते.

शंभूची आई, द्वारकाबाई, ओसरीवरून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "सर, तुमी सत्तेचाळीस जणांस्नी इचारलं म्हणं. त्यात बाया किती?"

"एकही नाही."

"मंग आता मला इचारा. माझं गुडघं गेल्यात. जुन्या गाडीत मला चढवाया दोघं लागायचे, ज्वारीचं पोतं चढवल्यागत. चार वर्सं म्या म्हायेरला गेले न्हाय. हिची पायरी ठेंगणी हाय. परवा एकलीच चढले अन् जाऊन आले. तोंड कसं का असंना, मला त्ये आत बसल्यावर दिसतच न्हाय."

तपासणीच्या माझ्या बावीस मुद्द्यांत पायरीची उंची नव्हती. घरी येऊन मी तेविसावा मुद्दा लिहिला.

पुढची खंडेनवमी आली. सत्तेचाळीसपैकी एकतीस गाड्या आल्या. सोळा जणांनी कारण कळवले नाही. मी विचारले नाही. श्रीनाथ आला नाही. त्याच्या वडिलांची जुनी गाडी त्याचा चालक घेऊन आला. ती तपासली, योग्य होती, तसे लिहिले.

सगळ्यांची तपासणी झाल्यावर मी उभा राहिलो.

"मागच्या वर्षी मी एका गाडीला न तपासता कुंकू लावलं," मी म्हणालो. "ती गाडी चांगली निघाली, हा तिचा गुण. माझी चूक त्यानं मिटत नाही. ज्याच्यात दोष निघाला त्यानं वर्षभर थांबायचं, हा आपला नियम आहे. यंदा तपासणी मी केली, कुंकू दुसरं कोणी लावेल."

 मी कुंकवाचे ताट द्वारकाबाईंच्या हाती दिले. त्या एकेका बॉनेटवर स्वस्तिक काढत शंभूच्या गाडीपाशी पोचल्या आणि काळ्या पत्र्याकडे बोट नेले.

"आई, तिथं नगं!" शंभू ओरडला. "त्याच्या माघं यंत्र हाय. कुंकू बसलं की म्होरं अडथळा हाय म्हणून गाडी वरडत बसती."

"म्हंजी कुंकवाला जागाच न्हाय हिला?" महांतप्पा म्हणाला. बरेच जण हसले.

द्वारकाबाई हसल्या नाहीत. त्या दाराकडे गेल्या आणि ठेंगण्या पायरीवर त्यांनी स्वस्तिक काढले. "उंबऱ्याला लावतोच की आपण," त्या म्हणाल्या.

शेवटी माझी गाडी राहिली. तिच्यासमोर त्या थांबल्या. "हिला कुणी तपासलं?"

मी उत्तर देण्याआधीच महांतप्पाने माझी सतरंजी उचलली, बॅटरी घेतली आणि माझ्या गाडीखाली शिरला. सव्वीस-सत्तावीस वर्षांत तिच्याखाली माझ्याशिवाय कोणी गेले नव्हते. तो बराच वेळ आत होता. बाहेर येऊन आत बसला, खटका ओढून पाहिला, मग उतरून हात झटकले.

"हँडब्रेक ढिलाय, मास्तर," तो म्हणाला. "पुढल्या वर्साला बघू."

द्वारकाबाईंनी ताट खाली ठेवले. मी वही उघडली आणि माझ्या गाडीपुढे ती नोंद माझ्या हाताने केली.

कुंकू नसलेल्या बॉनेटची गाडी घेऊन मी घरी आलो. दारासमोरच्या चढावर ती उभी केली, हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी तसूभरही मागे सरली नाही. उतरून मी ब्रेकची तार तपासली, खटक्याचे दाते मोजले. सगळे जिथल्या तिथे घट्ट होते.

वहीतली नोंद मी खोडली नाही. महांतप्पाला फोनही केला नाही.