चिन्नोरच्या डब्यातला बोळा

पुंडलिकराव गुरुजींची उजवीकडची दाढ दिवाळीनंतर दुखायला लागली आणि संक्रांतीपर्यंत दुखत राहिली. भंडाऱ्याला दातांचे डॉक्टर होते, त्यांच्या करडी गावाहून बस होती. पण गुरुजींनी अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना न घाबरता सुई टोचून घ्यायला शिकवलं होतं, आणि त्या कामात त्यांच्या स्वतःच्या वाट्याचं धैर्य संपून गेलं होतं.

शेवटी भंडाऱ्यात औषधांच्या दुकानात काम करणारी त्यांची मुलगी खुशबू लवंगेच्या तेलाची करंगळीएवढी बाटली घेऊन आली.

"बाबा, हे थेट लावू नका. चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब टाका, कापसाचा बोळा भिजवा न् दाढेवर धरा. आणि दुखणं थांबलं तरी डॉक्टरले दाखवा."

पहिलं वाक्य गुरुजींनी हिरडी भाजल्यावर मान्य केलं. दुसरं पाळलं. तिसरं त्यांना ऐकूच आलं नाही, कारण तोवर दाढ बधिर झाली होती आणि जग सुंदर दिसू लागलं होतं.

माणसाचं दुखणं थांबलं की तो थोडा वेळ कृतज्ञ राहतो. गुरुजी पंधरा दिवस राहिले. त्यांनी मोबाइलवर लवंगतेलाचे गुण ऐकायला सुरुवात केली आणि ऐकलेलं लगेच अमलात आणलं. साखरेच्या डब्याभोवती तेलाचं बोट फिरवलं, मुंग्यांनी मार्ग बदलला. फरशी पुसायच्या बादलीत चार थेंब पडले. लोखंडी कपाटात कोंदट वास येत होता, तिथे बोळा गेला. डास पळावेत म्हणून खिडकीला बोळा, माशा पळाव्यात म्हणून मोरीला बोळा. खुशबूला सांगून त्यांनी आणखी तीन बाटल्या मागवल्या. चावडीजवळ बसल्या बसल्या ते लोकांना तेलाची माहिती देत. लोक ऐकून घेत, कारण गुरुजींनी त्यांच्यापैकी बहुतेकांना पाढे शिकवले होते आणि मध्येच उठून जायची सवय त्यांना तेव्हापासूनच नव्हती.

त्यांच्या बायकोचं, सत्यभामाबाईंचं, या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांचं लक्ष एका डब्यात होतं.

घरच्या शेतातल्या एका बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, सत्यभामाबाई दरवर्षी चिन्नोर लावत. बारीक, नाजूक, शिजायला लागला की तीन घरांपलीकडे वास जाणारा तांदूळ. हे बियाणं त्यांनी माहेराहून आणलं होतं आणि पस्तीस वर्षं दुसऱ्या धानात मिसळू दिलं नव्हतं. लोंब्या त्या स्वतः निवडत. मोहाडीला दर माघात धानाचं प्रदर्शन भरे. तिथे हा तांदूळ दोनदा जाऊन आला होता, दोन्ही वेळा पुंडलिकरावांच्या नावाने, कारण सातबारा त्यांच्या नावाचा. गुरुजींना बांधी कुठे आहे हे माहीत होतं. एवढंच माहीत होतं.

यंदा खुशबूने अर्ज भरला आणि शेतकऱ्याच्या नावापुढे आईचं नाव लिहिलं. सत्यभामाबाईंनी तो अर्ज तीनदा वाचला. मग घडी करून देव्हाऱ्यात ठेवला, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली.

बांधी लहान. अर्धा चिन्नोर पाहुण्यांत गेला होता, बियाण्याचा वेगळा बांधून ठेवला होता. उरलेला भरडून आणला तो पाच किलो निघाला. तो त्यांनी स्टीलच्या डब्यात भरला, आत खोल कडुनिंबाचा वाळका पाला खोचला आणि झाकण लावलं.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना पार्वताबाई आल्या. त्यांची बांधी सत्यभामाबाईंच्या बांधीला लागून, रोवणीला, धान लावायला, दोघी एकमेकींकडे जात. पार्वताबाईंचा मुलगा अनुप मोहाडीला नोकरीला होता, तो परवा दोघींना गाडीवरून नेणार होता. एकामागे एक दोन फेऱ्या.

दारातच पार्वताबाई थांबल्या.

"काहो बाई, पान खाता का तुम्ही आता?"

"मी कायले पान खाऊ?"

"मंग घर काहून पानठेल्यासारखं वासून राहिलं?"

"गुरुजींचं तेल हाय ते. मले तर आता काही येत नाही वास."

"गावले येते," पार्वताबाई म्हणाल्या. "दाखवा बरं चिन्नोर."

सत्यभामाबाईंनी डबा उघडला. पार्वताबाईंनी मूठभर तांदूळ उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवून पदराने नाक पुसलं. तेवढ्याने सत्यभामाबाईंना शंका आली. त्यांनी हात डब्यात कोपरापर्यंत घातला. पाला हाताला लागला नाही. तळाशी कापसाचे तीन बोळे लागले.

गुरुजी अंगणात मोबाइल ऐकत होते.

"तुम्ही माह्या डब्यात हात घातला?"

"किडे-सोंडे लागू नयेत म्हणून," गुरुजी म्हणाले. "पाला म्हणजे जुनी पद्धत झाली. आठ दिवस झाले, एक तरी सोंडा दिसला का?"

"नाही दिसला."

"मग," गुरुजी म्हणाले, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी मोबाइल बंद केला.

मूठभर तांदूळ शिजवला. नाक ताजं राहावं म्हणून पार्वताबाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत आल्या, वाफ घेतली. "मसालेभात चांगला झाला," त्या म्हणाल्या.

तो सगळा दिवस पाच किलो तांदूळ चादरीवर पसरून पंख्याखाली होता. गुरुजींनी घरातले सगळे बोळे गोळा करून परसात नेऊन पुरले, बादली घासली, कपाट उघडं टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर शिजवला. चिन्नोर आत कुठेतरी असेलही. पण आधी लवंग येत होती, आणि नंतरही लवंगच.

"बियाण्यातला काढा दोन किलो," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "मी भरडून आणतो."

"बियाण्याले हात लावायचा नाही."

पार्वताबाई पुन्हा आल्या होत्या. त्यांनी पदराखालून पिशवी काढली. "हा घ्या. माह्या बांधीतला हाय. बियाणं तुमीच देलं होतं परसाल. एकच तांदूळ हाय, कोणाले काय समजते?"

सत्यभामाबाईंनी वास घेतला. तोच होता. माहेरच्या घरातला, चुलीजवळचा. त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन तिचं तोंड पुन्हा बांधलं.

"चिखल कोणी तुडवला याच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"मीच तुडवला. आणखी कोण तुडवते?"

"मंग नाव तुमचंच लागंन."

"काहून जी? मले कायले पाहिजे नाव? तुमी तर अर्ज देवाजवळ ठेवला आहे."

"म्हणून तर," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी गुरुजींना नवा कोरा अर्ज आणायला पाठवलं. गुरुजी इतक्या लगबगीने गेले की डावी-उजवी चप्पल उलटी घालून गेले.

अर्ज गुरुजींनीच भरला, शाळेतल्या वळणदार अक्षरात. शेतकऱ्याचं नाव: पार्वताबाई. खाली एक बारीक रकाना होता, बियाणे कोठून आणले. मागच्या दोन्ही वेळा त्यांनी तिथे 'घरचे' असं लिहिलं होतं. या वेळी ते पेन धरून थांबले, मग तिथे बायकोचं पूर्ण नाव गावासकट लिहिलं. रकाना पुरला नाही. समासात गेलं.

मोहाडीला परीक्षकांनी शिजवलेल्या भाताच्या बत्तीस पातेल्यांची झाकणं उघडली. पार्वताबाईंच्या पातेल्यापाशी ते दोनदा आले. दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्याला मिळाला त्याच्याबद्दल पार्वताबाईंचं काही मत होतं, ते त्यांनी परतीच्या वाटेवर अनुपला सविस्तर सांगितलं.

निकाल भिंतीवर लागला तेव्हा कारकुनाने अर्ज जसाच्या तसा उतरवला होता, समासासकट. ते वाचून बायका सत्यभामाबाईंना शोधत आल्या. कोणी करडीच्याच, कोणी दहा कोसांवरून आलेल्या. "पायली-दोन पायली बियाणं द्या जी, बदल्यात आमचं घ्या." पार्वताबाई शेजारी उभ्या राहून प्रत्येकीला सांगत होत्या, हे सत्यभामाबाईचं चिन्नोर आहे. संध्याकाळपर्यंत बाकीच्याही तेच म्हणू लागल्या. रोवणीपर्यंत ते त्या तांदळाचं नाव होऊन बसलं.

गुरुजी प्रदर्शनाला आलेच नाहीत. ते त्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन दाढ काढून आले, कुणालाही न सांगता. घरात तेल ठेवायला आता त्यांच्याजवळ कारण उरलं नव्हतं. दोन भरल्या बाटल्या खुशबू परत घेऊन गेली.

पाच किलो तांदूळ मात्र संपेना. तो होळीपर्यंत पुरला. आलेगेले जेवायचे आणि मसाला काय घातला म्हणून विचारायचे. सत्यभामाबाई गुरुजींकडे बोट दाखवायच्या.

त्याला शेवटपर्यंत सोंडा लागला नाही. हे गुरुजींच्या लक्षात आलं होतं. एकदा बियाण्याची गाठोडी उन्हात काढताना त्यांनी तसा विषय काढलाही. सत्यभामाबाईंनी नुसतं वर पाहिलं.

गुरुजी उठले आणि कडुनिंबाचा पाला तोडायला गेले.